ओळीत बसलेला नवरा

मंडणगड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते. दोन हजार सालानंतर तिथे एक तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी आमच्या मागे नवीनच काम लावलं. ताप असो की खरूज, येईल त्या प्रत्येकाला दारूचं विचारायचं. ज्याच्या तोंडाला वास येतो त्यालाच नव्हे, सगळ्यांना. रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही. आधी चहा किती, मग तंबाखू, मग हळूच दारू. आणि शेवटी, कमी करावीशी वाटते का?

मला ते छान जमलं. पुरुष हमखास म्हणायचे, शिमग्याला घेतो. मी हसून विचारायचे, यंदा शिमगा कितीदा आला? मग खरं बाहेर यायचं. डॉक्टर चारचौघांत माझं कौतुक करायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मुंबईची नोकरी सुटून घरी बसलेला माझा नवरा रोज पीत होता आणि त्याच्याशी बोलताना माझ्या जिभेला हाड नसे. जेवणाचं ताटसुद्धा मी त्याच्यापुढे आपटूनच ठेवायचे.

एके सकाळी पोट दुखतं म्हणून तोच केसपेपर काढून ओळीत बसला. त्याला वगळावं असं फार वाटलं. पण डॉक्टर शेजारीच होते, म्हणून चहा, तंबाखू करत मी तिथवर आले. शिमग्याचंच सांगेल आणि मी सुटेन, असं धरून चालले होते.

"रोज. दुपारचीपण," तो म्हणाला.

मी पुढचं विचारलं. कमी करावीशी वाटते का?

"वाटतं. पन घरात तू कदी इचारलंस नाय."

खरंच नव्हतं विचारलं. रडले, भांडले, बाटल्या परसात नेऊन फोडल्या, सासूला वाटेल ते बोलले. विचारलं मात्र नाही. माझीच मला इतकी लाज वाटली की पुढच्या पेशंटचं नाव विचारायचंही सुचेना.

डॉक्टरांनी त्याला दर मंगळवारी यायला सांगितलं. संध्याकाळी घरीही तसंच बोलायचं मी ठरवून गेले होते. पण त्याला पडवीत बसलेला बघितलं आणि तोंडून गेलं, "आज किती ढोसलीत?"

मंगळवारी आम्ही घरातून एकदमच निघालो. केंद्रात पोचल्यावर मी टेबलाशी बसले, तो केसपेपर काढून ओळीत शेवटी जाऊन बसला. त्याची पाळी येईपर्यंत मी इतरांशी गोड बोलत होते आणि तो ते ऐकत होता.