उलटी बाजू

बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात आम्ही दोघं मित्र गणित शिकवायचो. एक प्रमेय आम्ही वाटून घेतलं होतं आणि त्या तासाला दोघंही वर्गात जायचो. मॅट्रिक्सला इन्व्हर्स असेल तर तिचा डिटरमिनंट शून्य नसतो, ही सुलट बाजू माझी. डिटरमिनंट शून्य नसेल तर इन्व्हर्स असतोच, ही उलटी बाजू त्याची. माझं दोन ओळींत आटोपायचं. त्याला इन्व्हर्स प्रत्यक्ष घडवून दाखवावा लागे. तेवढ्यात मी खिडकीशी उभा राहायचो. फळा भरेपर्यंत त्याच्या बाह्या खडूने पांढऱ्या व्हायच्या.

"तुझं बरं आहे," संध्याकाळी तापीच्या राजघाटावर तो म्हणायचा. "आहे त्याचे गुण गायचे. नाही ते उभं करायची हमाली माझी."

राज्यांची फेररचना झाली आणि नोकरदारांच्या वाटण्या झाल्या. मी मध्य प्रदेशात राहिलो, त्याला मुंबई राज्यात टाकलं. त्याची म्हातारी आई तापीचा काठ सोडायला तयार नव्हती, म्हणून त्याने इथेच ठेवा असा अर्ज केला. नकार आला. मला फार राग आला, अजून येतो. माणसं म्हणजे काय भावाभावांत वाटायची भांडी आहेत? उन्हाळ्यात तो गेला.

पावसाळा सरता सरता तिकडेच काविळीने वारला. आईला सांगायला मलाच जावं लागलं. ती म्हणाली, "दिवाळीले येतो म्हने ना तो."

थंडीत ते प्रमेय आलं. मी माझ्या दोन ओळी लिहिल्या, खडू ठेवला आणि सवयीने खिडकीशी जाऊन उभा राहिलो. वर्ग वाट पाहत होता. धूलकोटचा एक मुलगा आदल्या वर्षी नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसला होता. त्याने विचारलं, "सर, पुढचं त ते सर पढवतात ना? कधी येतील ते?"

"येणार नाहीत," म्हणालो आणि खडू उचलला. त्याची बाजू शेवटच्या ओळीपर्यंत लिहिली. आवाज कुठे अडखळला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

घरी आल्यावर बायकोने कोट घेतला आणि म्हणाली, "आज बाह्या त्यांच्यासारख्या करून आलात."

तेव्हा मला रडू फुटलं.