अडकलेल्या बुडबुड्यांचे काका

"थांब वो पोरी, त्याहिले बोलू दे," म्हणत काका सरळ काचेला कान लावायचे. कोणाला बोलू द्यायचं? साबणाच्या बुडबुड्यांना! काका म्हणजे आमच्या गोंदियाच्या कॉलेजात फिजिक्सचे लॅब अटेंडंट. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला आपल्या कामाची आपल्यापेक्षा जास्त काळजी!

एम.एस्सी.चा माझा प्रोजेक्ट ऐका. दोन काचा, मध्ये साबणाचं पाणी, खालून शेकडो बुडबुडे वर येणार, आणि वर दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक फट. गर्दी तिथे पोचली की दोन-तीन बुडबुडे एकमेकांना टेकून कमान करतात आणि सगळं ठप्प! किती बुडबुडे गेल्यावर ठप्प होतं, तेच मला मोजायचं होतं.

काकांना ते बघवायचं नाही. "काऊन अडकून राहिले हे?" गावाकडे तलावाचं पाणी शेवटच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पोचलं नाही, तर ते स्वतः फावडं घेऊन निघायचे.

परीक्षेला बाहेरचे सर आले. मी हवा सोडली. बुडबुडे भराभरा वर, आणि एकही अडकेना! पाच मिनिटं झाली. वर्षभराची मेहनत, आणि दाखवायला काहीच नाही!

"जाम कुठाय?" सरांनी विचारलं.

मागून काका एकदम खूश. "आता नाही अडकत सर! सकाळीच कानशीनं फटीचं तोंड मोठं केलं मी."

"काकाऽऽ! अडकायलाच पाहिजे होते ते!"

"अडकवाले?" काकांचा चेहराच पडला. "येवढं शिकून?"

सर हसून हसून खुर्चीत बसले. काकांनी खिशातून आगपेटी काढली आणि फटीच्या दोन्ही बाजूंना वरून एकेक काडी सरकवली. थोडे बुडबुडे गेले, आणि कमान! सगळं बंद.

"घ्या," काका नाराजीनं म्हणाले. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं!

सर म्हणाले, "आता सांग, फटीच्या रुंदीनं काय बदललं?" मी अशी सुटले, की शेवटी सरांनीच थांबवलं.

निकाल लागला तोवर काका रिटायर होऊन गावी गेले होते. लॅबमध्ये त्यांचं स्टूल रिकामं. मी फोन लावला. तिकडे शेतात भाताची रोवणी सुरू, बायांचं गाणं ऐकू येत होतं.

"काका, फर्स्ट क्लास!"

मग फोन बाजूला धरून काका ओरडले, "गाणं थांबवा वो बायहो! आपले बुडबुडे पास झाले!"

आणि चिखलातल्या त्या सगळ्या बाया, ज्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं, एकदम आनंदानं ओरडल्या.