उभ्या उभ्या कडक झालेला टायर

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घासून त्याची मान कायमची वाकली होती. बावन्नाव्या वर्षी त्याने हौसेने लांबच्या प्रवासाची अवजड मोटरसायकल घेतली, तीही जुनी. तिचा विमा आणि सुटे भाग यांना पगार पुरेना, म्हणून तो रविवारीही दुकानात जाऊ लागला. सहा वर्षांत गाडीचा सगळ्यात लांबचा प्रवास झाला तो दोनशे किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत.

यंदाही बायको मागे बसून आली. मेकॅनिकने मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"बदलावाच लागेल. झिजलेला नाही, पण उभ्या उभ्या रबर कडक झालंय."

"केवढ्याला पडेल?"

मेकॅनिकने सांगितलेला आकडा अर्ध्या पगाराएवढा होता. ते ऐकून तो बाकावर मटकन बसला.

"अहो, आता पुरे," बायको हळूच म्हणाली. "ही विका आणि रविवारी घरी झोपा काढा."

वाद घालायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. "गिऱ्हाईक बघा," म्हणत त्याने मेकॅनिकच्या हातात किल्ली ठेवली.

परत ते बसने आले. खिडकीशी त्याचा डोळा लागला. दोन्ही हेल्मेटं मांडीवर घेऊन बायको जागी राहिली. त्यांचा स्टॉप आला तरी तिने त्याला उठवलं नाही. पुढच्या स्टॉपवर उतरून दोघं चालत घरी आले.