चुन्याखालचे बैल

देगलूरच्या बाजूला एका गावाच्या गायरानात ग्रॅनाइटच्या दोन प्रचंड शिळा एकमेकींवर रेलल्या आहेत. त्यांच्या आडोशात, आतल्या भिंतीवर गेरूने काढलेले लांब शिंगांचे बैल होते आणि माणसाच्या हाताचा एक पंजा. खालच्या मातीत गारगोटीची नखाएवढी धारदार पाती सापडत. अक्षर ठाऊक नसलेली माणसे इथे राहून गेली, याचा आमच्या भागातला तेवढाच दाखला मी डोळ्यांनी पाहिला होता.

शेजारच्या टेकडीला खडी केंद्र लागले, तेव्हापासून मी नांदेडहून पुरातत्त्व खात्याला अर्ज करू लागलो. न्यायालयातली कारकुनी संपली होती. घरात बोलायला कोणी उरले नव्हते. अर्ज, स्मरणपत्र, मग माहितीचा अधिकार. काय ते बोलणे पोस्टमनशीच होई.

अखेर पाहणी ठरली. खात्याच्या अधिकारी बाईंसोबत मी पोहोचलो, तेव्हा आडोसा आतून पांढराशुभ्र होता. चुन्याचा वास अजून गेला नव्हता.

मी सरपंच बाईंवर तुटून पडलो. कलमे ऐकवली, फौजदारीची धमकी दिली. त्यांनी ग्रामपंचायतीला आलेली माझ्याच अर्जाची प्रत पुढे धरली. शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ होती: 'पाहणीपूर्वी सदर स्थळ स्वच्छ करण्यात यावे.' मला बाटल्या आणि शेण अभिप्रेत होते.

"काका, तुम्हीच लिव्हलं की. साहेब लोक येनार, अन् भिंत तशीच ठिवायची का? बायांनी दिसभर राबून दोन हात मारले. लई तांबडी झालती."

अधिकारी बाईंनी फोटो मागितला. माझ्याकडे केवळ वर्णने होती, सगळी माझ्याच अक्षरात. ती चित्रे आणखी कोणी पाहिली होती का? पत्नीने पाहिली होती. तिचा जबाब आता कोण घेणार?

चुना कोणीही खरवडू नये, त्याबरोबर रंगही निघेल, एवढे बजावून अधिकारी बाईंनी पंचनामा लिहिला: 'भिंतीवर चुन्याचा ताजा थर. चित्रे दिसून आली नाहीत.' एक शब्दही खोटा नव्हता. सहीपूर्वी मी एक वाक्य वाढवायला सांगितले: चुना अर्जदाराच्या लेखी सूचनेवरून मारण्यात आला.

"त्याची गरज नाही, काका," त्या म्हणाल्या.

"नसेल. पण खरे आहे," मी म्हणालो, आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिले.