अक्का सुनावणीला आल्या

शिंदखेड्यात मी फिजिओथेरपी सहायक म्हणून काम करते. आमच्या मॅडम धुळ्याहून आठवड्यातून दोनदा येतात, पेशंट तपासतात, व्यायाम ठरवून देतात. घरोघरी जाऊन ते करून घेणं माझ्याकडे.

अक्का त्यातल्याच एक. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं आणि खाटेवरून उतरायचंच नाही असा हट्ट. सुरुवातीला त्यांनी मला चक्क हाकलून दिलं. शेवटी त्यांना उठवलं ते शेजारणीनं. अक्कांचा पापडाचा पोळपाट तिनं नेला होता, परत केला नव्हता. मी म्हटलं, चला, आपणच मागून आणू. वॉकर धरून, वाटभर तिला नावं ठेवत अक्का तिच्या ओट्यापर्यंत गेल्या. पोळपाट मिळाला, वर चहाही झाला. त्यानंतर त्या माझी वाट बघू लागल्या.

अशात सरकारी योजनेच्या नव्या नियमांचा मसुदा आला. घरी जाऊन केलेल्या उपचारांचे पैसे यापुढेही मिळणार, पण फिजिओथेरपिस्ट स्वतः समोर हजर असेल तरच. म्हणजे माझ्या एकटीच्या फेऱ्या बंद. मॅडमनी हरकत नोंदवली आणि धुळ्याच्या सुनावणीला मलाही बोलावलं. उद्या येणार नाही, एवढंच सांगायला मी अक्कांकडे गेले. त्यांनी खोदून खोदून सगळं विचारलं आणि मुलाला गाडी सांगायला लावली. तो नको म्हणत राहिला. त्यांनी ऐकलं नाही.

धुळ्याचं ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ऑपरेशननंतर ओट्याच्या पायऱ्यांपलीकडे अक्का कधी चढल्या नव्हत्या. एका हातानं कठडा धरून त्यांनी चांगला पाय आधी वर टाकला, मग दुखरा. मी मागून कमरेला आधार दिला. वळणावर बराच वेळ थांबलो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना कुणीतरी सांगितलं असावं, ते स्वतः जिन्यापाशी आले आणि त्यांनी खुर्ची मागवली.

माणूस सभ्य होता. मॅडमचं त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला विचारलं, "घरी तुम्ही एकट्या असताना काही बिघडलं तर?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की एकदा अक्कांची पोटरी सुजलेली दिसली, तेव्हा रक्ताची गुठळी असेल म्हणून व्यायाम न घेता मॅडमना फोन केला आणि त्यांनी अक्कांना लगेच धुळ्याला बोलावून घेतलं. मला शंका आली तर मी हात लावत नाही.

तेवढ्यात अक्का अहिराणीत बोलल्या, "हाई पोर मना घर येस, म्हनीसन मी उभी शे." मी घरी येते म्हणून आपण उभ्या आहोत म्हणाल्या, आणि खरं तर त्या खुर्चीत बसलेल्या होत्या. साहेब हसले, मॅडमही. मला मात्र खिडकीकडे बघावं लागलं.

काही महिन्यांनी नियम आले. मॅडमनी सुरुवातीला आणि मग ठरावीक काळानं तपासायचं, मधल्या माझ्या फेऱ्या चालू, पण त्या फेऱ्यांचे पैसे पूर्वीपेक्षा कमी. मॅडम म्हणाल्या, अर्धंच जिंकलो, पुन्हा लिहू. लांबच्या गावांना मी आता कमी वेळा जाते, त्याचं वाईट वाटतं.

अक्कांना आता माझी गरज नाही. वॉकर माळ्यावर गेलाय. तरी त्या गल्लीत गेले की त्या हाक मारतात, समोर बसवतात आणि गुडघा दाखवतात. गुडघ्याला काही झालेलं नसतं. मी दाबून बघते, ठीक आहे म्हणते आणि चहा घेऊन पुढच्या घरी जाते.