गायीचं कॅल्शियम

राहुरीजवळच्या मळ्यावर सत्यशीला नांदायला आली त्याला चौदा वर्षं झाली. चार संकरित गायी, त्यांचं चारापाणी, शेणघाण, धारा, सगळं तिच्याच अंगावर. घराची रीत अशी, की धार काढली की दूध थेट कॅनमध्ये आणि कॅन थेट डेअरीला. मागे राहायचं ते चहापुरतं. तिनेही कधी तोंड उघडलं नाही. आजूबाजूच्या मळ्यांवर तसंच होतं.

परवा तिची आठ वर्षांची निकिता ओट्यावरून पडली. ओटा तो केवढा, गुडघ्याएवढा! मनगट मोडलं. वर्षात दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पोरीची हाडं कच्ची आहेत म्हणाले, कॅल्शियमचं औषध लिहून दिलं आणि विचारलं, दूध किती पिते? पीत नाही, असं सांगताना सत्यशीलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. कल्याणने मनापासून ऐकलं. मग उठला, गोठ्यातून एक निळा डबा आणून तिच्यासमोर ठेवला.

"हेच की कॅल्शियम. व्यालेल्या गायीला देतो ते. पाज रोज दोन चमचे."

तो चेष्टा करत नव्हता, हेच तिला जास्त झोंबलं.

"गाय नुस्ती बसली तरी तुमी डॉक्टर घरी आणता. पोरगी दोनदा मोडली, आन् तिला जनावराचं औषध?"

"अगं, गाय दूध देती."

"मग ते जातंय कुटं?"

सासू छबूबाई दारातून म्हणाल्या, आम्ही काय दूध पिऊन वाढलो का?

"म्हनून तर कमरेत वाकलात, आत्याबाई."

संध्याकाळी धार काढून झाली. कल्याण कॅन धरून उभा होता. सत्यशीलेने आधी तांब्या भरून घेतला.

"कॅन भरू दे. उरलं तर घे."

"उरत न्हाई. चौदा वर्सं बघतीया मी."

दूध उकळून, कोमट करून तिने निकिताच्या हातात पेला दिला. पोरीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. वास येतो म्हणाली. दुधाच्या घरातल्या पोरीला दुधाची चवच ओळखीची नव्हती. सत्यशीलेच्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली, पण पोरीवर नाही. तिने उरलेल्या दुधाला विरजण लावलं, सकाळी साखर घालून दही देईन म्हणाली, आणि बाहेर येऊन कल्याणला सांगितलं,

"डेअरीत सांगून या. हितून पुढं आमचं दूध कमी येनार."