चर्चचा हक्काचा नास्तिक

त्या चर्चमध्ये एक नास्तिक होता आणि दर गुरुवारी त्याला वेळेवर हजर राहावं लागे. पेशाने तो न्हावी. रविवारी पुढच्या बाकावर बसणारा, गाताना सूर सोडून बाकी सगळं मनापासून देणारा. असा माणूस नास्तिक झाला तो केवळ पाळकसाहेबांच्या उत्साहापायी.

पाळकसाहेबांनी एकदा मनावर घेतलं. आपली माणसं विश्वास ठेवतात, पण कोणी 'का' विचारलं की त्यांची बोबडी वळते, हे काही बरं नाही. म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. समोरासमोर दोन खुर्च्या, एकीवर उत्तर देणारा, दुसरीवर शंका काढणारा. आता शंका काढायला कोणी धड तयार होईना. सगळी भली माणसं, फार तर "देव दिसत नाही ना?" एवढं विचारायची आणि लगेच स्वतःच "पण वारा तरी कुठे दिसतो?" म्हणून मोकळी व्हायची. शेवटी न्हाव्याला बसवलं. दिवसभर नाना प्रकारची डोकी याच्या हाताखालून जातात, काहीतरी कानावर पडत असेलच, असा पाळकसाहेबांचा अंदाज.

त्याने पहिल्याच दिवशी शिंप्याला घाम फोडला. पुढच्या गुरुवारी बँकेतल्या कारकुनाची दांडी गुल केली. मुख्याध्यापिकाबाई चार पुस्तकं वाचून, कंबर कसून आल्या होत्या, त्यांनाही त्याने पाणी पाजलं. उत्तर अर्धवट वाटलं की हा सोडतच नसे, खुर्ची पुढे ओढून "बरं, मग?" म्हणून पुन्हा कान टवकारून बसे. पाळकसाहेब भलतेच खूश. वर्गात त्याचं नावच पडलं, 'आपला नास्तिक'.

गंमत अशी, की त्यातला एकही प्रश्न त्याचा नव्हता. सगळा माल दादाचा. दादा म्हणजे थोरला भाऊ, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. आई दवाखान्यात होती तेव्हा चर्चमधल्या सगळ्या मंडळींनी महिनाभर प्रार्थना केली. आई गेली, आणि दादाने चर्चची पायरी सोडली ती सोडलीच. शनिवारी सकाळी मात्र तो न चुकता धाकट्याकडे दाढीला यायचा आणि वस्तरा गालाला टेकेपर्यंत देवाची खरडपट्टी काढायचा. म्हणून हा दादाचे प्रश्न घेऊन वर्गात बसे. कोणाकडे तरी उत्तर असेल, ते शनिवारी दादाला देता येईल, दादा परत येईल, एवढ्या आशेवर. बायको सोडून हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि लोक आपले हरत होते. बिचाऱ्याला जिंकून जिंकून रडू यायची वेळ आली.

वर्गाला येणाऱ्या नर्समावशींना तर हे सोंग आहे हेच पटेना. उभी हयात दवाखान्यात काढलेली बाई. खरं दुखणं कुठलं आणि खोटं कुठलं हे आपल्याला कळतं, याबद्दल त्यांची खात्री होती. त्या गुपचूप त्याच्या तारणासाठी प्रार्थना करू लागल्या, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा एका शनिवारी सकाळी थेट दुकानात आल्या. दादा खुर्चीत, तोंडभर साबण. न्हाव्याच्या हातात वस्तरा.

मावशी बाकावर बसल्या आणि त्यांनी गिऱ्हाइकाची पर्वा न करता विषयालाच हात घातला. गुरुवारच्या वर्गात शंकेच्या खुर्चीत बसून, देव चांगला आहे तर दुखणं का देतो, असं तू विचारलंस. महिनाभर गुडघे टेकले त्याचं काय झालं, असं विचारलंस. एकेका प्रश्नागणिक आरशातले दादाचे डोळे मोठे होत गेले. न्हाव्याला कुठे तोंड लपवू असं झालं, पण दुकानभर आरसेच होते.

मावशी दम खायला थांबल्या, तेव्हा साबणाच्या आतून आवाज आला, "हे प्रश्न माझे आहेत."

मावशींनी आता कुठे त्या गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं.

"तू तिथे जाऊन माझे प्रश्न विचारतोस?" दादाने आरशातूनच धाकट्याला विचारलं.

"कोणाकडे तरी उत्तर असेल म्हटलं."

"मिळालं?"

"नाही."

"मग तू का जातोस रे अजून?"

हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. वर्गात तो कायम शंका काढणाऱ्याच्या खुर्चीवर. त्याने वस्तरा खाली ठेवला.

"आपण सगळे आई बरी व्हावी म्हणून मागत होतो," तो म्हणाला. "आई ते मागतच नव्हती, दादा. मी उशाशी बसून ऐकायचो. माझी पोरं एकमेकांना सोडून जाऊ नयेत, एवढंच तिचं चालायचं. ती गेल्यावर तू चर्च सोडलंस, तिथली माणसं सोडलीस. मला नाही सोडलंस. बाकीचं मला काही सांगता येत नाही. पण तिने जे मागितलं, ते दर शनिवारी या खुर्चीत येऊन बसतं."

मावशी नाक पुसत राहिल्या. साबण वाळून दादाच्या गालांवर पांढरे पापुद्रे झाले.

"वर्ग किती वाजता असतो?" त्याने शेवटी विचारलं.

"संध्याकाळी सहाला. का?"

"तुला विचारता येत नाही. मिळमिळीत विचारत असशील. त्या खुर्चीत मी बसतो," दादा म्हणाला, "तू समोर बस."

आणि त्याने मान मागे टाकली. साबण पुन्हा लावावा लागला.